आधी जीव, मग वॅट

"काका, तुम्ही वर काही चालू केलंय का? आमच्या टीव्हीच्या स्पीकरमधून कुणीतरी बदकासारखं बोलतंय."

रविवारी सकाळी तिसऱ्या मजल्यावरची शेजारीण दारात उभी होती. भाईंदर पूर्वेच्या आमच्या इमारतीतलं ते बदक म्हणजे मीच होतो. आतल्या खोलीत बसून मी माइकमध्ये माझं कॉलसाइन म्हणत होतो आणि टेबलावर दोन मोठे काचेचे व्हॉल्व्ह दिव्यासारखे पेटले होते. यंत्र लगेच बंद केलं आणि तिची माफी मागितली.

तिची तक्रार रास्तच होती. पण टीव्हीतल्या बदकापेक्षा मोठा धोका त्या यंत्राच्या पोटात होता, हे मला चार दिवसांनी कळलं. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर घरी बांधणारे फार थोडे. मात्र त्यातला धोका कळला, तर घरातली इतर यंत्रं उघडणाऱ्यांचाही जीव वाचू शकतो.

हौशी रेडिओ म्हणजे काय?

हौशी रेडिओ, म्हणजेच हॅम रेडिओ, हा परवाना घेऊन जोपासायचा छंद आहे. केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची परीक्षा दिली की परवाना आणि 'व्हीयू'ने सुरू होणारं कॉलसाइन मिळतं. वयाची १२ वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही ती देता येते. सुरुवातीच्या 'रिस्ट्रिक्टेड' वर्गाला ५० वॅटपर्यंत, तर पुढच्या 'जनरल' वर्गाला ४०० वॅटपर्यंत शक्ती वापरता येते. या लहरींवर धंदा करायचा नाही, गाणी लावायची नाहीत. बोलायचं, शिकायचं, प्रयोग करायचे आणि अडीनडीला निरोप पोहोचवायचे.

मुंबईत या छंदाला मोठा इतिहास आहे. १९४२ च्या ऑगस्टमध्ये 'चले जाव'चा ठराव झाला, नेते तुरुंगात गेले आणि वर्तमानपत्रांवर बंधनं आली. तेव्हा उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्त 'काँग्रेस रेडिओ' सुरू केला. त्यांच्या ट्रान्समीटरची तांत्रिक बाजू नरिमन प्रिंटर यांनी सांभाळली. २७ ऑगस्टला पहिलं प्रसारण झालं आणि १२ नोव्हेंबरला पोलिसांनी धाड घातली. तोवर पोलिसांना चकवण्यासाठी जागा पुनःपुन्हा बदलावी लागत होती. त्यांची लहर ४२.३४ मीटरची होती, म्हणजे सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ. आज ७ ते ७.२ मेगाहर्ट्झ हा हौशी रेडिओचा पट्टा आहे. परवा आमचं बदक बोलत होतं, तेही त्याच पट्ट्यावर. ट्रान्झिस्टरचा शोध १९४७ च्या डिसेंबरातला, त्यामुळे १९४२ चं सगळं काम व्हॉल्व्हवर चाले.

आज मात्र खिशात मावणारे सेट निघाले आहेत. हैदराबादच्या अशर फरहान यांनी बाजारात सहज मिळणाऱ्या सुट्या भागांतून बांधता येईल असा 'बिटएक्स' सेट तयार केला आणि त्याचा आराखडा सर्वांसाठी खुला ठेवला. जेमतेम काही वॅटच्या त्या सेटवर जगभरचे हौशी बोलतात. मग मोठा अ‍ॅम्प्लिफायर हवाच कशाला? हा प्रश्न मलाही पडला होता. त्याच्याकडे शेवटी येतो.

लोकलच्या तारेएवढा दाब

माझ्या छोट्या सेटमधून २० वॅट निघतात. ते वाढवण्यासाठी मी '८११ए' जातीचे दोन व्हॉल्व्ह लावून अ‍ॅम्प्लिफायर बांधला. त्याचं तत्त्व साधं आहे. काचेच्या निर्वात नळीत फिलामेंट तापतं, त्यातून इलेक्ट्रॉन निघतात आणि पलीकडच्या धन विद्युतभाराच्या प्लेटकडे धावतात. वाटेत एक जाळी असते. सेटमधला दुबळा संकेत जाळी आणि फिलामेंट यांच्यातला दाब कमीजास्त करतो, त्याबरोबर प्लेटकडचा मोठा प्रवाह कमीजास्त होतो. कालव्याच्या दारासारखंच हे. दार फिरवायला थोडी ताकद पुरते, पाणी मात्र धो धो वाहतं.

पण पाणी वाहायला उंची लागते आणि व्हॉल्व्हला विद्युतदाब. माझ्या यंत्रात मोकळेपणी १३०० व्होल्ट आणि काम करताना १२०० व्होल्ट डीसी असतात. पश्चिम रेल्वेच्या लोकल २०१२ पर्यंत टप्प्याटप्प्यानं २५ हजार व्होल्ट एसीवर गेल्या. त्याआधी त्या १५०० व्होल्ट डीसीवर धावत. म्हणजे लोकलच्या तारेच्या जवळपास जाणारा दाब मी बेडरूममधल्या टेबलावर मांडला होता.

आपल्या घरात आरसीसीबी आहे, झटका बसलाच तर ती वीज तोडेल, असं अनेकांना वाटतं. इथे ती उपयोगी पडत नाही. आरसीसीबी घरात जाणारा आणि परत येणारा प्रवाह मोजते. दोन्हींत साधारण ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की वीज तोडते. ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या बाजूचं मंडळ मात्र वेगळं असतं. तिथे माणसाच्या अंगातून प्रवाह गेला तरी मुख्य तारांतला प्रवाह सारखाच राहतो आणि आरसीसीबीला काही कळत नाही. माझं यंत्र न थकता ३०० मिलिअँपिअर देतं.

बंद केल्यावरचा धोका

मोठा धोका यंत्र चालू असताना नसतो, कारण तेव्हा आपण सावध असतो. तो असतो प्लग काढल्यावर.

डीसी दाब सपाट करण्यासाठी कपॅसिटर लागतात. जुने मेकॅनिक त्यांना कंडेन्सर म्हणतात. ते वीज साठवतात आणि प्लग काढला तरी धरून ठेवतात. माझ्या यंत्रात २२० मायक्रोफॅरडचे चार कपॅसिटर एकामागोमाग जोडलेले आहेत. १३०० व्होल्टला त्यांत सुमारे ४६ जूल ऊर्जा साठते. एक किलोचं वजन साडेचार मीटरपेक्षा थोड्या जास्त उंचीवरून पडलं, तर एवढीच ऊर्जा मिळेल. छाती उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत हृदयाचा ठेका बिघडला, तर डॉक्टर हृदयावर थेट झटका देतात. तो १० ते ५० जूलचा असतो. हे काम काही हजारांश सेकंदांचं आणि तज्ज्ञ हातांचं. माझ्या टेबलावर तेवढीच ऊर्जा कुणाच्याही हाताला लागू शकेल अशा बेताने पडून होती.

ती निचरावी म्हणून प्रत्येक कपॅसिटरवर एक लाख ओहमचा रेझिस्टर लावतात, त्याला ब्लीडर म्हणतात. हिशेबाने प्लग काढल्यावर सव्वा मिनिटात दाब ५० व्होल्टच्या खाली यायला हवा. तो येतो का, हे मी कधीच पाहिलं नव्हतं. शेजारणीच्या तक्रारीनंतर सगळंच तपासायचं ठरवलं आणि पहिली चाचणी घड्याळाची केली. उच्च दाबासाठी बनवलेला प्रोब मीटरला लावला, प्लग काढला आणि वेळ मोजू लागलो. काटा १३०० वरून भराभर उतरला आणि ४०० च्या आसपास अडकला. पाच मिनिटं झाली तरी तिथेच.

चारपैकी एक ब्लीडर आतून तुटला होता. वरून तो अगदी ठीक दिसत होता. त्याचा कपॅसिटर रिकामा होत नव्हता. शिवाय यंत्र चालू असताना दाबाची वाटणी बिघडून या कपॅसिटरवर ४५० व्होल्टच्या मर्यादेपेक्षा जास्त ताण पडत होता. त्याचं झाकण फुगायला लागलं होतं. गेल्या आठवड्यात याच यंत्राच्या आत मी दोनदा हात घातला होता. प्लग काढला होता, म्हणून निर्धास्त होतो.

चारही कपॅसिटर आणि चारही ब्लीडर बदलले, ब्लीडर जास्त वॅटचे घेतले. संपूर्ण साखळीवर आणखी एक वेगळा ब्लीडर लावला, म्हणजे एक तुटला तरी दुसरा काम करेल. झाकण उघडताच वीज तोडणारा स्विच बसवला. एका सुक्या काठीच्या टोकाला तांब्याचा आकडा लावून जाड वायरने तो अर्थिंगला जोडला. झाकण उघडल्यावर आधी दोन मिनिटं थांबायचं, मीटर पाहायचा, मग काठी लावायची आणि ती काम संपेपर्यंत तिथेच टांगून ठेवायची. मीटरचाही नियम आहे. घरातल्या साध्या मल्टिमीटरची मर्यादा बहुधा ६०० किंवा १००० व्होल्टची असते. १३०० व्होल्टला तो हातातच फुटू शकतो.

भाईंदरची हवाही इथे आड येते. एका बाजूला वसईची खाडी, दुसरीकडे उत्तनचा समुद्र आणि मधे मिठागरं. हवेतल्या मिठाचा आणि धुळीचा थर उच्च दाबाच्या इन्सुलेटरवर बसतो आणि पावसाळ्यात त्यातून वीज गळायला लागते. माझ्या यंत्रात वर्षभरात स्क्रू गंजले होते आणि तांब्यावर हिरवट थर आला होता. सगळं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडं केलं. हे आता दर पावसाळ्याआधी करायचं ठरवलं आहे.

हे सगळं तुमच्या घराशी जोडायचं तर स्वयंपाकघरात जा. मायक्रोवेव्ह ओव्हनमधला मॅग्नेट्रॉन हाही एक निर्वात व्हॉल्व्ह आहे. त्याला काही हजार व्होल्ट लागतात आणि ओव्हनमध्ये तसाच एक कपॅसिटर असतो. बंद पडलेला ओव्हन उघडून त्यातला ट्रान्सफॉर्मर काढणं, त्याने लाकडावर नक्षी जाळणं, असे प्रयोग करताना जगात अनेकांचे जीव गेले आहेत. तो ओव्हन जाणकार मेकॅनिककडेच द्या.

कुणाला झटका बसलाच, तर त्या माणसाला हात लावण्याआधी वीज तोडा. तो शुद्धीवर नसेल आणि नीट श्वास घेत नसेल तर १०८ ला फोन करा. छातीच्या मध्यभागी, मिनिटाला १०० ते १२० या गतीने, सुमारे ५ सेंटीमीटर खोल दाब देत राहा. माणूस उठून "काही नाही झालं" म्हणाला तरी उच्च दाबाचा झटका असेल तर डॉक्टरकडे न्या. त्वचेवर छोटा डाग दिसतो, पण आत स्नायू भाजलेले असू शकतात आणि हृदयाचा ठेका नंतरही बिघडू शकतो. माझ्या घरी आता नियम आहे. झाकण उघडं असताना घरात दुसरं माणूस हवं आणि मुख्य स्विच कुठे आहे ते त्याला माहीत हवं.

तेलाच्या डब्यातली परीक्षा

जीवाचा धोका गेल्यावरच वॅटकडे वळलो. चाचणी घेताना अँटेना जोडायची नसते, नाहीतर आपली खुडबुड सगळ्यांच्या कानावर जाते. त्याऐवजी 'डमी लोड' वापरतात. एक हजार ओहमचे २० कार्बन रेझिस्टर समांतर जोडले की बरोबर ५० ओहम होतात. हा गुच्छ पत्र्याच्या डब्यात नव्या खनिज तेलात बुडवला. जुन्या ट्रान्सफॉर्मरचं तेल वापरायचं नाही, त्यात पीसीबी हे विषारी रसायन असण्याची शक्यता असते. अ‍ॅम्प्लिफायरची शक्ती या डब्यात उष्णता होऊन मुरते आणि बाहेर जवळजवळ काही जात नाही. फक्त एकेक चाचणी काही सेकंदांत आटोपायची.

या लोडवरचा शिखर दाब मोजला की हिशेब सोपा. त्या दाबाचा वर्ग करून १०० ने भागलं की वॅट मिळतात. पहिल्या चाचणीत १३० व्होल्ट आले, म्हणजे १६९ वॅट. प्लेटला मात्र १२०० व्होल्टवर ३०० मिलिअँपिअर, म्हणजे ३६० वॅट जात होते. निम्म्याहून जास्त शक्ती नुसती उष्णता होत होती.

कारणं दोन सापडली. फिलामेंटला ६.३ व्होल्ट लागतात. ट्रान्सफॉर्मरवर ते होते, पण व्हॉल्व्हच्या पायांवर मोजले तर ५.७. दोन व्हॉल्व्हची फिलामेंट मिळून ८ अँपिअर घेतात आणि मी बारीक वायर वापरली होती, त्यामुळे वाटेतच दाब सांडत होता. फिलामेंट कमी तापलं की इलेक्ट्रॉन कमी निघतात, मोठ्या आवाजाला संकेत चेपला जातो आणि व्हॉल्व्हचं आयुष्यही घटतं. दुसरं कारण कॉइल. बाहेरची कॉइल साध्या तारेची होती आणि हाताला चटका बसेल इतकी तापत होती. फ्रिजवाल्याकडची तांब्याची नळी आणून ती नव्याने वळली, सांधे घासून पुन्हा झाळले आणि फिलामेंटची वायर जाड केली.

पुन्हा मोजलं. १४७ व्होल्ट, म्हणजे २१६ वॅट. प्लेटला शक्ती तेवढीच, पण ६० टक्के बाहेर येत होती. एक व्होल्टही न वाढवता ४७ वॅट मिळाले. मोह झाला म्हणून सेटमधून २० ऐवजी ३० वॅट देऊन पाहिले. बाहेर जेमतेम थोडी वाढ झाली. व्हॉल्व्ह त्याच्या कुवतीच्या टोकाला आला होता. ताबडतोब परत २० वर आलो.

शुद्ध संकेत आणि शेजारधर्म

व्हॉल्व्हला कुवतीपलीकडे ढकललं की संकेत आपल्या जागी राहत नाही, आजूबाजूला सांडतो. खाडीपलीकडे वसईत राहणाऱ्या मित्राला फोन करून त्याच्या सेटवर ऐकायला लावलं. जुन्या स्थितीत तो म्हणाला होता, "अरे, पाच किलोहर्ट्झ बाजूलाही तूच ऐकू येतोस." दुरुस्तीनंतर तो पसारा संपला. शिवाय ७.१ मेगाहर्ट्झच्या संकेताची पिल्लं १४.२ आणि २१.३ ला निघतात. हौशी पट्ट्यांच्या वरची अशी पिल्लं थांबवण्यासाठी ३० मेगाहर्ट्झवरचं सगळं अडवणारा फिल्टर लावला. बोरिवलीत गोराई रस्त्यावर केंद्र सरकारचं वायरलेस मॉनिटरिंग स्टेशन आहे. हवेत कोण कुठे सांडतो, हे ऐकणं हे त्यांचं कामच आहे.

शेजारणीकडचं बदक मात्र फिल्टरनेही गेलं नाही. तिच्या घरी जाऊन एकेक वायर काढून पाहिली. टीव्हीपासून साउंडबारकडे जाणारी लांब वायर अँटेनाचं काम करत होती. फेराइटच्या कड्यावर त्या वायरचे दहा वेढे दिले आणि बदक गप्प झालं. दोष माझ्या यंत्राचा नव्हता, पण त्रास माझ्यामुळे होता, तेव्हा कडं माझ्या खर्चाने.

लहरींमुळे आरोग्याचं काय, हा प्रश्न सोसायटीच्या सभेत येतोच. या लहरी क्ष-किरणांसारख्या अणूंमधून इलेक्ट्रॉन उडवणाऱ्या नाहीत. त्यांचा सिद्ध झालेला परिणाम म्हणजे उष्णता आणि तार हाताला लागली तर भाजणं. आमची अँटेना २० मीटर लांबीची तार आहे. गच्चीवर पापड वाळत घालतात, संक्रांतीला मुलं पतंग उडवतात. म्हणून तार माणसाच्या हातापासून बरीच वर नेली, टोकं बंद केली आणि गच्चीवर कुणी असेल तर अ‍ॅम्प्लिफायर चालू करत नाही. पेसमेकर असलेल्यांनी चालू अँटेनाजवळ थांबू नये आणि डॉक्टरांना विचारावं.

मग मिळालं काय?

शक्ती जवळजवळ अकरा पट झाली. ऐकणाऱ्याच्या मीटरवर मात्र एक घर चढायला चौपट शक्ती लागते. म्हणजे अकरा पट करून दोन घरंही पुरती चढत नाहीत. दिवसा नागपूरच्या मित्राला २० वॅटवरही माझं बोलणं स्पष्ट कळतं. रात्री पट्ट्यावर गोंगाट असला की त्या दीड-पावणेदोन घरांमुळे शब्द कळतो किंवा हरवतो, एवढाच फरक.

आणि संकटात? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. उपनगरांत वीज गेली, फोन बंद पडले. अशा रात्री २३० व्होल्टवर चालणारा माझा अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे लोखंडाचं वजन. तेव्हा कामाला येईल तो मोटरसायकलच्या बॅटरीवर चालणारा २० वॅटचा सेट. म्हणून सेटची बॅटरी मी दर महिन्याला तपासतो.

तरीही अ‍ॅम्प्लिफायर मोडीत काढलेला नाही. एवढं शिकवणारं दुसरं यंत्र माझ्याकडे नाही. शेजारणीचा मुलगा आठवीत आहे. बदकाचं कोडं सुटल्यापासून तो वर येऊन बसतो. परवा म्हणाला, "आजोबा, मला पण असा बनवायचाय." त्याला म्हटलं, आधी परीक्षा दे, मग बॅटरीवरचा छोटा सेट बांध. व्हॉल्व्हचं नंतर बघू. तोवर मी झाकण उघडतो तेव्हा तो दाराबाहेर उभा राहून घड्याळ बघतो. दोन मिनिटं पूर्ण झाली, की तो सांगतो आणि मग मी काठी उचलतो.